बारकीचा सहावा कागद

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. घरी आम्ही बारकी म्हणतो, बाहेर लोक मॅडम म्हणून उठून उभे राहतात. मी सातवीत शाळा सोडली आणि ट्रकच्या ब्रेकखाली लोळत आयुष्य काढलं, पण भुलीची डॉक्टर आमच्या घरात आहे. सात वर्षांत तिनं झोपवलेला एकही माणूस उठायचा राहिला नाही. कुणालाही विचारा.

त्याचं कारण एकच. बारकी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटच्या कॉटशी स्टूल ओढून बसते आणि पिवळा कागद काढते. दात हलतात का? जिना चढताना दम लागतो का? आधी कधी भूल घेतली होती, तेव्हा काय झालं? सगळं लिहून झालं की तळाशी एक चौकट असते. तिथं फिट नाहीतर अनफिट लिहायचं आणि सही ठोकायची. तिची सही नसेल तर भलेभले सर्जन हात बांधून उभे राहतात.

तर सोमवारी, हात धुता धुता, हाडांच्या डॉक्टरनं तिला विचारलं. चार वर्षं दोघं एकाच टेबलाशी, तो पायाकडे, ही डोक्याकडे.

"आईनं माझ्यासाठी एकीकडे बोलणं लावलंय," तो म्हणाला. "शुक्रवारी तिला हो नाहीतर नाही कळवायचंय. मला तिकडे जायचं नाहीये. तू करशील लग्न माझ्याशी?"

बारकीच्या हातातून साबण निसटला. तिला तो आवडत होता, हे मी लिहून देतो. पण तोंडातून निघालं काय, तर "शुक्रवारच्या आत सांगते."

मंगळवारी मला फोन. "दादा, काय करू रे? माणूस चांगला आहे. पण मनात पाल चुकचुकते."

"गाडी सोडायच्या आधी मी ब्रेक तीनदा दाबून बघतो," मी म्हणालो. "तू माझी बहीण. नीट बघून घे."

"त्याला काय ब्रेक असतात का?"

"नसले तर तेही कळेल."

हसली. त्या आठवड्यातलं तिचं तेवढंच हसू.

गुरुवारी दुपारी ती वॉर्डातल्या टेबलाशी बसली. दुसऱ्या दिवशीच्या पाच पेशंटचे पाच कागद झाले. मग तिनं सहावा ओढला. तिला विचार करायचा म्हणजे असाच करता येतो, काय करणार? नाव घातलं नाही. पुरुष, वय चौतीस. दात पक्के. चहा दिवसाला नऊ कप. राग चटकन चढतो, चटकन उतरतो. म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना खाली वाकतो. एकदा लग्न ठरून मोडलं, कारण सांगत नाही. पुन्हा मोडेल का?

पेन चौकटीवर आलं आणि तेवढ्यात हाक आली. अडलेली बाई, तातडीचं ऑपरेशन. बारकी उठली ती पळतच. मोठ्या सिस्टरांनी नेहमीसारखे टेबलावरचे पिवळे कागद गोळा केले आणि संध्याकाळच्या फेरीला हाडांच्या डॉक्टरच्या हातात दिले.

"पेशंट पाच, कागद सहा कसे?" असं म्हणत तो पाय मोडलेल्या एका मास्तरांच्या कॉटशी थांबला आणि वरचाच कागद मोठ्यानं वाचायला लागला. "पुरुष, वय चौतीस. चहा दिवसाला नऊ कप."

"नऊ?" मास्तर उठूनच बसले. "अहो, याला भूल चढायची कशी? बादलीभर लागेल."

मोठ्या सिस्टरांनी तोंडापुढे फाईल धरली. पुढचं मात्र त्यानं मनातल्या मनात वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तिकडे बारकीनं बाळाचं पहिलं रडणं ऐकलं. त्या बाईनं बाळाकडे धड बघितलंही नाही, डोळे मिटून नुसतं गालाला लावलं. बारकी बघत राहिली. तिथंच तिनं ठरवलं, हो म्हणायचं. हातमोजे काढून ती वॉर्डात आली, तर तो टेबलाशी कागद घेऊन उभा.

"ही चौकट कोरी आहे," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "भर. मी इथंच आहे."

तिनं पेन घेतलं. खरंच घेतलं. फिटचा फ लिहायचा तेवढा बाकी होता. पण सात वर्षांचा हात तो, विचारल्याशिवाय कसा चालेल?

"एकच सांग. ते लग्न मोडलं कुणी?"

"तिनं. तुझा भरवसा वाटत नाही म्हणाली."

तिथं तिनं गप्प बसायचं. पण नाही.

"का वाटत नव्हता?"

त्यानं तिच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं, चौकटीत अनफिट लिहिलं, खाली स्वतःची सही केली.

"अरे, मी हो म्हणायलाच आले होते!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "आणि उद्या परत काहीतरी विचारशील. रोज. मी रोज पास व्हायचं. नाही जमायचं मला."

मोठ्या सिस्टर औषधांच्या कपाटात उगाच काहीतरी शोधत होत्या.

रात्री बारकीनं मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, "तू एक अक्षर खोटं लिहिलं नाहीस. माझी मान ताठ आहे."

"तुझी मान ताठच असते, दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी आठला मास्तर टेबलावर होते. बारकीनं त्यांना झोपवलं, नाडी बघितली, नळी नीट केली. दाराच्या काचेतून तो दिसत होता, फोन कानाला. दार अर्धवट लोटलेलं होतं.

"हो, आई. त्यांना हो सांग. नाही, मला काही विचारायचं नाहीये."

मग हात धुऊन तो आत आला, पायाकडे जाऊन उभा राहिला.

"सुरू करू?"

बारकीनं आकडे पुन्हा एकदा तपासले.

"करा," ती म्हणाली.