साडेचारशे ग्रॅमचं स्वयंपाकघर

किस्से कुणी जमवायला बसत नाही. ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस ड्रॉवर उघडेनासा होतो. उमरग्यातल्या आमच्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही चौघं. सर, सीनियर टेक्निशियन बसवराजमामा, काउंटरवरच्या शबानाआपा आणि मी. मी म्हणजे रक्ताच्या नळ्या फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबताना बीप वाजलं तरी दचकणारी. रोज वाजतं, रोज दचकते.

तर अशा मला लोहाऱ्यापासून माकणीच्या धरणापर्यंत एकटीनं पायी जायचं होतं. मुक्काम माकणीत मैत्रिणीच्या घरी, बाकी सगळं एकटीनं. दोनदा ठरवलं, दोनदा मोडलं. पहिल्यांदा स्टँडवरूनच परत फिरले. दुसऱ्यांदा लोहाऱ्याला उतरले, भूक लागली म्हणून ढाब्यासमोर गेले. आत सगळे पुरुष, आणि सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं. उपाशीपोटी पुढच्या बसनं घरी आले. तेव्हा ठरवलं, आपलं आपण शिजवून खायचं. आणि तिसऱ्यांदाही परत आले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

* * *

पाठीवर न्यायचं म्हणजे सगळं हलकं हवं. मी घरून सहा वर्षांपूर्वीचं स्टीलचं पातेलं आणलं आणि रसायनं मोजायच्या डिजिटल काट्यावर ठेवलं. दोनशे बारा ग्रॅम.

बसवराजमामा चाळीस वर्षं रिपोर्टच लिहितायत. त्यांच्या हाताला दुसरं वळण नाही. त्यांनी छापील फॉर्म घेतला आणि भरला. पेशंटचं नाव, पातेलं. वय, सहा. तपासणी, वजन. निष्कर्ष, दोनशे बारा. नॉर्मल रेंज, दीडशेपर्यंत.

तो कागद चुकून सह्यांच्या गठ्ठ्यात गेला. सर दुपारी घाईत होते. गठ्ठा परत आला तेव्हा पातेल्याच्या रिपोर्टवर सही होती, आणि खाली सरांच्या अक्षरात एक ओळ होती. ‘उपाशीपोटी रिपीट करा.’

मामांनी पातेल्यात डोकावून बघितलं. म्हणाले, “उपाशीच होतं की सकाळपासनं.”

* * *

पातेल्याच्या जागी अॅल्युमिनियमचा डबा आला. मग प्रश्न मीठ, हळद, तिखट आणि तेलाचा. लहान, हलकं, घट्ट झाकणाचं, गळणार नाही असं भांडं शोधत मी बाजारभर फिरले. शबानाआपांनी कपाळावर हात मारला.

“अगे, दिनभर क्या पकडके बैठी रहती तू?”

लघवीच्या नमुन्याच्या डब्या. नव्या, सीलबंद, वर एमएलच्या खुणासुद्धा. माझ्या तीन वर्षांच्या नोकरीत हे डोक्यात आलं नव्हतं. मी चार डब्या घेतल्या, आणि एकीत करडईचं तेल भरून झाकण गळतंय का बघायला काउंटरवर उलटी ठेवली.

रक्त तपासायला आलेल्या एका आजोबांनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली. मग हलक्या आवाजात शबानाआपांना म्हणाले, “ज्याचं हाय, त्याला इथं बसवून ठिऊ नका. सोलापूरला न्या.”

* * *

स्टोव्ह मी कोल्ड्रिंकच्या कॅनचा केला. कॅन कापायचा, कडेनं बारीक भोकं पाडायची, मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. मोबाइलवर बघताना सोपं होतं.

पहिली चाचणी लॅबच्या गच्चीवर. मामा वाळूची बादली घेऊन उभे, शबानाआपा पाण्याची. मी काडी हातात घेतली, आणि नेमका आपांचा फोन वाजला. मी “आग!” म्हणून ओरडले आणि मागं उडी मारली. मामांनी वाळू टाकली. आपांनी पाणी टाकलं. दोन्ही माझ्यावर.

सर धावत वर आले. “आग कुठं लागली?”

काडी माझ्या हातात तशीच होती. न पेटलेली.

आपा शांतपणे म्हणाल्या, “लगनेकीच थी, सर.”

* * *

शेवटी किट तयार झालं. डबा, स्टोव्ह, स्पिरिटची बाटली, चार डब्या, चमचा. साडेचारशे ग्रॅम. निघायच्या आदल्या दिवशी मी आईला अभिमानानं आकडा सांगितला. आईनं ऐकून घेतलं आणि एका कापडी पिशवीत वीस कडक भाकऱ्या, शेंगाचटणीचा डबा आणि गुळाची ढेप ठेवली.

“आई, अगं वजन.”

“हे वजनात धरू नको.”

“मग कशात धरू?”

“मी दिलंय ते,” आई म्हणाली, आणि वर दोन कांदे ठेवले.

ती पिशवी मी सकाळी लॅबमध्ये ठेवून निघाले. मी परत येईपर्यंत मामा रोज दोन भाकऱ्या खायचे आणि रोज म्हणायचे, “पोरगी चालतीया, पण आराम मला पडतोय.”

* * *

या वेळी लोहाऱ्याला उतरले आणि ढाब्याकडे न बघता चालायला लागले. रात्री मैत्रिणीकडं झोपले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माकणीच्या धरणाच्या कडेला, पाला पेटू नये म्हणून बाभळीपासून लांब, उन्हात बसले. सकाळी भिजवलेले डाळ-तांदूळ डब्यात घातले. स्टोव्ह पेटवला. स्पिरिटचा जाळ उन्हात दिसत नाही, म्हणून हात जवळ नेऊन ऊब बघावी लागते.

डब्याचं झाकण थडथडायला लागलं, आणि मागून आवाज आला. “कुठल्या म्हणायच्या तुमी?”

मी दचकले. चमचा पडला. वीस पावलांवर एक म्हातारे शेतकरी उभे होते, खांद्यावर टॉवेल. असं कुणी आलं की सामान आवरून चालू पडायचं, ही माझी सवय. पण खिचडी अजून कच्ची होती.

“उमरग्याची,” मी म्हणाले.

“एकल्याच?”

“व्हय,” मी म्हणाले.

ते जवळ येईनात. मला वाटलं, मी भिऊ नये म्हणून लांब थांबलेत. मग कळलं, त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ते डब्याकडं बघत होते. झाकणातून वाफ निघत होती, फेस येत होता, आणि खाली नुसता एक पत्र्याचा कॅन.

“जाळ कुठं हाय?”

“आहे, काका. उन्हात दिसत नाही.”

काका दोन पावलं मागं सरकले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी भ्यायलं होतं, आणि अशा वेळी काय करतात ते मला माहीत नव्हतं. मी चमचा उचलला, धुतला आणि खिचडी हलवली.

काकांनी खिशातून फोन काढला, घरी लावला आणि स्पीकर चालू केला. माझ्यावरची नजर न काढता बोलायला लागले.

“अगं, धरणाच्या कडंला एक बाई बसलीया. एकलीच. सरपण न्हाय, धूर न्हाय, जाळ न्हाय. अन् भात शिजाय लागलाय.”

पलीकडून काकूंचा स्वर आला, ठणठणीत.

“मग नुसतं हुबं काय ऱ्हायलाव? इचारा की, कुठं मिळतंय ते.”