नथ्थूसेठने मागितलेला राजीनामा

आमचे बाबा, पुंडलिक आचारी, जबलपुरातल्या मराठी घरांमधून लग्नामुंजींचा स्वयंपाक करायचे. पुडाच्या वड्या खाव्यात तर त्यांच्याच हातच्या, असं सगळे म्हणत. माझा मोठा भाऊ अच्युत याने बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलं, तेव्हा आळीला थट्टेला आयताच विषय मिळाला. "काय पुंडलिकराव, तुमचे पदार्थ कमी पडले का, की पोरगा आता त्यांचं विज्ञान शिकून राहिला?" बाबाही हसत. आतून मात्र त्यांची छाती फुगलेली असे. आमच्यात मॅट्रिकच्या पुढे कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

कॉलेजची फी, पुस्तकं, घालायला एक धड कोट. यासाठी बाबांनी सराफ्यातल्या नथ्थूसेठकडून आठशे रुपये उचलले, महिना शेकडा दीड रुपया व्याजाने. आमच्या दिवंगत आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. पोरगा पास झाला की वर्षा-दोन वर्षांत फेडू, असा हिशेब. तो हिशेब कोणी केला होता देव जाणे, कारण दादा पास झाला तेव्हा मंदी होती आणि पदवीधर दारोदार फिरत होते. त्याच्या बरोबरीचा अंबादास मॅट्रिक झाल्याबरोबर गन कॅरेज फॅक्टरीत चिकटला होता आणि ओव्हरटाइम धरून साठ रुपये घरी आणत होता. दादाला वर्षभर चपला झिजवल्यावर एका खाजगी शाळेत पंचेचाळीस रुपयांची मास्तरकी मिळाली. त्यातले बारा नुसत्या व्याजात जात. मुद्दल होतं तिथेच होतं.

पण दादाला ती शाळा फार आवडायची, हे मला सांगितलंच पाहिजे. एरवी तो मुखदुर्बळ. शाळेतून आला की बोलत सुटे. एकदा त्याने कुठूनसं एक भिंग आणलं आणि आमच्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर समोरचा रस्ता उलटा पाडून दाखवला. टांगा उलटा, घोडा उलटा, भाजीवाली उलटी. मी पोट धरून हसले. "वर्गातली पोरं तुझ्यापेक्षा जास्त ओरडली," तो म्हणाला. असा आनंद पंचेचाळीस रुपयांत मिळतो, हे अंबादासला समजावून सांगणं कठीण होतं.

मग बाबांना पावसाळाभर ताप आला. त्यांची कामं बुडाली, औषधाला पैसे लागले आणि व्याजाचे तीन हप्ते चुकले. दादाला इतकी लाज वाटली, की तो सराफ्याची गल्ली टाळून लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागला. तोंड चुकवून कर्ज चुकत नाही, हे मी त्याला ऐकवलंही.

एका दुपारी सेठचा मुनीम घरी आला. दादा शाळेत होता, मी नळावर. बाबा एकटेच. जबलपुरात वीस वर्षं काढूनही त्यांची हिंदी भाजीबाजारापुरती होती, कारण त्यांचं सगळं आयुष्य मराठी स्वयंपाकघरांत गेलेलं. मुनीम पाच मिनिटांत काय ते बोलून गेला. संध्याकाळी दादा आला तेव्हा बाबा उंबऱ्यातच उभे होते.

"अच्युत, सेठ सारं व्याज सोडून राहिला. मागचं बी अन् पुढचं बी. फक्त तू राजीनामा लिहून दे म्हणते."

"राजीनामा? काहून?"

"अरे, काहून काय! त्याचा पुतण्या बी.एस्सी. होऊन दुकानात माशा मारून राहिला ना? त्याले तुही जागा पाहिजे असंन."

हे इतकं चपखल बसलं, की कोणाला शंकाच आली नाही. दादा पाटी घेऊन बसला. एकीकडे पगार, दुसरीकडे व्याज. नोकरी ठेवली तर म्हातारपणापर्यंत बारा रुपये जात राहणार. सोडली तर शिकवण्या करून, पोटाला चिमटा घेऊन, निदान मुद्दल तरी उतरवता येईल. डिग्री तर कोणी काढून घेत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, एकदा सेठला तोंडाने विचार ना." बाबा खेकसले, "विने, तू यात पडू नको."

दादाने पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना राजीनामा दिला. त्या रात्री तो जेवला नाही.

मंजुरी आठवड्याने आली, तसा दादा नक्कल घेऊन सराफ्यात निघाला. मी हट्टाने बरोबर गेले. गादीवर नथ्थूसेठ, शेजारी तोच पुतण्या. दादाने कागद पुढे केला. "सेठजी, राजीनामा."

कागद इंग्रजीत. सेठने तो पुतण्याकडे दिला. त्याने वाचला, परत वाचला. "चाचाजी, ये तो इस्तीफ़ा है. इन्होंने नौकरी छोड़ दी."

"नौकरी छोड़ दी?" सेठच्या हातातला अडकित्ता थांबला. "अरे मास्टरजी, ये क्या किया? हमने तो राजीनामा कहलवाया था! कि ब्याज माफ़, और तनख़्वाह में से पंद्रह रुपया महीना देते जाओ. दोनों राजी, तो राजीनामा!"

दादा हिंदी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली बोलायचा. मुनिमाचा तो शब्द थेट त्याच्या कानावर पडला असता, तर हिंदीत ती तडजोड, हे त्याला तिथल्या तिथे उमगलं असतं. पण तो आला बाबांच्या तोंडून, मराठी होऊन, आणि मराठीत त्याचा एकच अर्थ होता. दादा गादीच्या कडेला हळूच बसला. मला तर सेठवर, मुनिमावर, बाबांवर, साऱ्या जगावर ओरडावंसं वाटलं.

तिथून दादा तसाच शाळेत पळाला. त्याच्या जागेवर नवा मास्तर रुजू झालेला होता.

सेठ वाईट माणूस नव्हता, हेच जास्त खुपतं. दिलेला शब्द त्याने पाळला, व्याज सोडलं आणि दादाला दुकानात तीस रुपयांवर बसवलं. त्यातले पंधरा मुद्दलापोटी कापून घ्यायचा. पदार्थविज्ञानाचा पदवीधर काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोळे-मासे तोलू लागला. मुद्दल फिटून आईच्या पाटल्या घरी आल्या, तोवर चार वर्षांवर काळ लोटला होता. नंतर त्याने शाळांकडे अर्ज केले, पण प्रत्येक जण विचारी, मधली वर्षं सराफाकडे काय करत होतात?

बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं सराफ्यातून परततानाच दादाने मला बजावलं होतं. मी चिडले. "काहून? त्यांनीच तर घोटाळा केला."

"म्हणूनच," तो म्हणाला. "त्यांना हे झेपणार नाही, विने."

त्यानंतर कधीतरी अमरावतीकडचे एक नातलग आले. मुलाला कॉलेजात घालायचं, कर्ज काढावं का, म्हणून विचारत होते. बाबा सरसावून बसले.

"काढ बाप्पा, बिनधास्त काढ! आमच्या अच्युतनं एक राजीनामा दिला अन् सारं व्याज साफ. सौदा मीच जमवला होता." ते दादाकडे वळले. "काय रे?"

दादा नुकताच दुकानातून येऊन पाय धूत होता.

"हो बाबा," तो म्हणाला. "तुम्ही होतात म्हणून सुटलो."