पांढऱ्या डोळ्याची तक्रार

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. आधी स्वतःवर, मग त्या फोरमनवर.

नव्वदच्या आसपास मी भिलाईत ठाणेदार होतो. एका खबऱ्याने सांगितलं, जवळच्या चरोदा गावात घराला चुना मारताना दोन भावांची जुंपली आणि धाकट्याने थोरल्याच्या डोळ्यात चुना फेकला. थोरला जामुलकडच्या एका खाजगी कारखान्यात वेल्डर, धाकटा रेल्वेत. थोरल्याच्या उजव्या बुबुळावरचा पांढरा थर मी स्वतः पाहिला. भांडण झाल्याचं दोघांनीही कबूल केलं. मला आणखी काय हवं होतं! सकाळीच धाकट्याला उचलून लॉकअपमध्ये टाकलं.

"साहेब, मी नाही फेकला चुना. माह्या दादाले विचारा ना!"

दादाला विचारलं, तर तो मान खाली घालून गप्प. ते गप्प राहणं मी होकार समजलो आणि धाकट्याच्या दोन कानाखाली ठेवून दिल्या.

दुपारी थोरल्याला वैद्यकीय तपासणीला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तपासून माझ्यावरच उखडल्या. "चुन्याने पापण्याही भाजल्या असत्या. त्या धड आहेत. बुबुळाची जखम जुनी आहे आणि तिच्यावर कॅल्शियम बसलंय." मग वेल्डरकडे वळल्या. "कोणते थेंब टाकता हो तुम्ही?"

वेल्डरने खिशातून बाटली काढली. बाईंनी लेबल वाचलं. स्टेरॉइड, तेही फॉस्फेटवालं.

"याने लाली जाते, दुखणं दबतं, पण जखम भरत नाही. उघड्या जखमेवर फॉस्फेट पडत राहिलं की कधी कधी असा थर धरतो. कोणी दिलं हे?"

त्याने बाटली परत घ्यायला हात पुढे केला. "अरे, सख्खा भाऊ आत बसलाय तुझा!" मी ओरडलो.

तेव्हा तो रडायला लागला. "फोरमननं देल्ली, साहेब. डोळ्यात कण गेला तवा. म्हने, दवाखान्यात गेला तर काम गेलं समज. महिना झाला, टाकून राहिलो."

तडक कारखाना गाठला. फोरमनच्या ड्रॉवरमध्ये तशाच बाटल्या सापडल्या. एक अर्धी झालेली, सगळ्यांच्या डोळ्यांत फिरणारी. फाटकावर अपघाताविना गेलेले दिवस मोजणारा बोर्ड होता; एक अपघात नोंदला की आकडा शून्यावर. तो निर्लज्ज फोरमन म्हणतो कसा, "दोन थेंबांत मानूस कामाले लागते, साहेब. बोर्डाचा आकडा कावून तोडाचा?"

माझा हात शिवशिवला. पण सकाळी तोच हात चुकीच्या माणसावर उठला होता. बाटल्यांचा पंचनामा केला, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला आणि ठाण्यात येऊन स्वतः लॉकअप उघडलं. "चुकलं माझं," म्हणालो.

"ते जाऊ द्या, साहेब. दादाचा डोळा वाचन ना?"

डोळा वाचला नाही.

गप्प बसणारा माणूस गुन्हेगाराला पाठीशी घालतो, असं मी धरून चालायचो. हा बिचारा आपली भाकरी वाचवत होता, सख्ख्या भावाला आत बसवून. एका फोरमनची एवढी दहशत! पुढे नोकरीभर गप्प माणसाला मी आधी विचारायचो, तुला भीती कोणाची आहे? त्या सकाळी हे विचारलं असतं तरी डोळा परत आला नसता. पण एका भल्या माणसाच्या गालावर माझी बोटं उमटली नसती.