मिठाच्या गोळ्या आणि कुसुमचं लोणचं

हे आजवर कोणापाशी बोललो नाही. बढाया सगळ्या मारल्या — भट्टीवर असा तापायचो की बोट टेकवून बिडी पेटवायचो, हेही लोकांनी निमूट ऐकून घेतलं. ही एकच गोष्ट खरी, म्हणून तोंडातून निघेना.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती; आम्ही पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, सेक्टर दहाला. माझं ब्लडप्रेशर मोठं लबाड — दिवसा दवाखान्यात गाईसारखं गरीब, आणि रात्री जेवून आडवा झालो की कारखान्याच्या चिमणीवर चढून बसायचं. शेजारचे साहूजी कंपाउंडर. ते रात्री यंत्र आणून दंडाला पट्टा आवळायचे आणि पारा पाहून रामाचं नाव घ्यायचे. डॉक्टरांनी झोपतानाची गोळी दिली, मीठ तोडलं.

कुसुम, माझी बायको, भंडाऱ्याची. तीही माझ्यासोबत अळणी खाऊ लागली. एकट्यानं कसं खावं माणसानं, म्हणे.

आणि मी? — सांगतो. भट्टीवर घाम फार जातो म्हणून आम्हाला मिठाच्या गोळ्या मिळायच्या. त्या मी खिशातून घरी आणायचो. कुसुम पोळी आणायला वळली की मी एक चुरायचो, माझ्या वरणात. इंद्राच्या पंगतीला तसं वरण नसेल!

पारा उतरेना. डॉक्टरांनी सगळ्या रांगेदेखत तिला झापलं — घरी लोणचं आहे ना, मग तुम्हीच नवऱ्याला मारताय. कुसुमचं कैरीचं लोणचं! त्याच्या वाट्या पार रिसालीच्या वस्तीपर्यंत जायच्या.

घरी येऊन तिनं विचारलं, "खरं सांगा, तुमी बरणीत हात घालून राहिले का?"

"नाही," म्हणालो. ते खरंच होतं — आणि याहून मोठं खोटं मी कधी बोललो असेन का?

"मंग माह्याच हाताचं काही लागून राहिलं असन," ती म्हणाली, आणि बरण्या शेजारणींना देऊन टाकल्या.

त्या रात्री मी घाबरलो. मिठाच्या गोळ्या मोरीत ओतल्या. थोड्याच दिवसांत पारा खाली आला, साहूजींनी पेढे मागितले. कुसुम हसली, "पाहा, माह्या लोणच्याचंच होतं सारं." तेव्हा बोलता आलं नसतं? पण माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळला — आणि त्याच्यासोबत तेही.

तिनं पुन्हा लोणचं घातलं नाही. कैऱ्यांच्या दिवसांत शेजारणी अजून तिलाच विचारायला येतात. मोहरी, मेथी, तेल — ती दारातच सगळं सांगते. मीठ किती, यावर मात्र थांबते.

"ते दुसऱ्या कोणाले विचारा, बाई."

मी आत बसून ऐकतो.