सावडीच्या बैलांचं समीकरण

कृषी अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षी, परभणीत, माझ्या यादीत एकच काम उरलं होतं. पेडगावच्या एका शेतकऱ्याच्या आठ एकरांत जास्तीत जास्त उत्पन्न कसं निघेल याचा आराखडा. सोमवारी कॉम्प्युटरवर माझी शेवटची पाळी होती. उत्तर चुकलं असतं तर प्रबंध पुढच्या सत्रावर गेला असता.

लिनिअर प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त उत्पन्न शोधायचं गणित मशीनला द्यायचं तर आधी प्रमाण रूपात मांडावं लागे. ‘आठ एकरांपेक्षा जास्त नाही’ हे चालत नसे. ‘पेरलेली अधिक पडीक बरोबर आठ’ असं लिहायचं. घरच्या ज्वारीला किमान दोन एकर हवेत, तर ‘ज्वारीची जमीन वजा दोनाच्या वरची जमीन बरोबर दोन’. शिवाय कुठलाही आकडा शून्याखाली जायचा नाही. हे सगळं मी नीट केलं होतं. आधीच्या पाळीचं उत्तर घेऊन शनिवारी पेडगावला त्या शेतकऱ्याकडे गेले; त्यांना मी मामा म्हणायचे.

“मामा, सगळी कामं सावडीच्या बैलांनी करायची. तुमच्या बैलांचे दिवस शून्य.”

“अन् माझे बैल?”

“उभे.”

“लय भारी! पारावर बसवून विड्या देतो त्यान्ला.” मग हसू आवरून म्हणाले, “बाई, सावड फुकट नसती. पेरणीला शेजाऱ्याचे आणले की पुढं माझे त्याच्याकडं जातेत. तुमी निस्तं घ्यायचंच लिवलंय.”

खरंच. घरच्या बैलांना चाऱ्याचा खर्च धरला होता, सावडीच्यांना काहीच नाही. मशीनने फुकटचे जुंपले.

परतीच्या एसटीत दुरुस्ती सुरू केली. घेतले तर अधिक, दिले तर उणे, वर्षाची बेरीज शून्य. पण उणे आकडा प्रमाण रूपात बसेना, आणि कुठल्या हंगामात देणं येईल हे आधी ठाऊक नव्हतं. म्हणून त्या एका आकड्याचे दोन केले: घेतलेले दिवस आणि दिलेले दिवस. दोन्ही शून्य किंवा वर. हवा तो आकडा म्हणजे त्यांची वजाबाकी. रविवारी सगळी समीकरणं नव्याने लिहिली, चिन्हं दोनदा तपासली.

सोमवारी उत्तर आलं. खरिपात घेणं, रब्बीत देणं, घरचे बैल दोन्ही हंगामांत कामाला. उत्पन्न मात्र पहिल्यापेक्षा कमी.

मार्गदर्शक सरांच्या कपाळाला आठ्या. “दुरुस्ती करून उत्पन्न घटवलंत?”

“सर, आधी आपण शेजाऱ्याची सावड फेडलीच नव्हती.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला, सही केली आणि म्हणाले, “टाइपिंगला द्या.” बुधवारी मी प्रबंधाच्या तीन प्रती जमा केल्या.