सागरची सरासरी

आमच्या उंब्रजच्या भरती ग्रुपात गणिताचे किस्से लय साठलेत. अभ्यास तेवढा साठला नाही, ती गोष्ट वेगळी.

ग्रुप म्हणजे मी, सागर आणि फुकट शिकवणारे रिटायर्ड सुभेदार सर. सागरचं पोलीस भरतीचं हे शेवटचं वर्ष, पुढं वयात बसत नाही. वडिलांनी त्याला सांगून ठेवलेलं, "सरांच्या ट्रायलला नापास झालास तर इस्लामपूरला कारखान्यावर कामाला जायचं. परत भरतीचं नाव काढायचं न्हाई."

*

सर म्हणाले, "रोज किमान दहा गणितं सोडवा." दहावं झालं की सागर वही मिटायचा.

"अकरावं केलंस तर काय बिघडतंय?"

"आवं सर, किमान मोडतंय की."

*

त्याचं वजन ऐंशी किलो. एका महिन्यात दहा टक्के उतरलं. पुढच्या महिन्यात लग्नं होती, दहा टक्के वाढलं. आता पुन्हा ऐंशी म्हणून तो निवांत काट्यावर चढला. एकोणऐंशी किलो दोनशे ग्रॅम.

"काटा बिघडलाय."

मी म्हटलं, "मलकापूरला चांगला काटा हाय."

गेला की तिथं. आकडा तोच.

"दोन्ही एकाच कंपनीचे दिसत्यात," म्हणाला.

*

आईनं त्याला विचारलं, "चान्स किती हाय रं?"

"फिफ्टी-फिफ्टी. एकतर लागतोय, न्हाईतर न्हाई."

तसं बघितलं तर मी कलेक्टर व्हायचा चान्सही फिफ्टीच. आणि मी फॉर्मसुद्धा भरला नव्हता.

त्याच्या आईनं एक किलो पेढ्यांचा नवस बोललेला. अर्धा किलो त्याच दिवशी वाटून टाकले.

*

ट्रायलला चार फेऱ्या, सहा मिनिटांत. आदल्या दिवशी सागरनं मला प्लॅन सांगितला.

"पयल्या दोन फेऱ्या निम्म्या स्पीडनं, दम राखून. पुढच्या दोन दीडपट स्पीडनं. सरासरी बरोबर बसती."

मला कळलेलं, निम्म्या स्पीडनं दोन फेऱ्यांतच सहा मिनिटं संपणार. सांगायला पाहिजे होतं. पण गंमत बघू म्हटलं.

"भारी हाय गड्या."

सकाळी तो अगदी ठरल्यासारखा पळाला. दुसरी फेरी संपली आणि सहा मिनिटं भरली. सरांनी घड्याळ बंद केलं, माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं नाही.

सागरला पत्ताच नव्हता. तिसऱ्या फेरीला तो असा सुटला, की त्याला तसं पळताना आम्ही कधी बघितलं नव्हतं.

"सर, बसतंय का टायमात?" तो पलीकडच्या कडेनं ओरडला.

सरांनी बंद घड्याळ खिशात टाकलं.

"बसतंय. पळ."