टिटवीच्या दाराची शीळ

कप्तानबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं कारखान्यात सगळे म्हणत, आणि ते खोटं होतं. शेंड्यावर बसून राहायला रागाला उसंत तर मिळायला हवी. तो सदानकदा कामावर असे. सोफ्याच्या पाठीवर कापड तिरकं बसलं की राग. चांगल्या शिसवी लाकडात कुणी हलका फोम कोंबला की राग. आणि कानातले इअरफोन कुणी काढायला लावले, की मग विचारूच नका. लग्नाआधीपासून बाई ह्या कारखान्यात सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवत होत्या. हातात पिना मारायची हवेवरची बंदूक, शेजारी तिला हवा पुरवणारा, दिवसभर धडधडणारा कॉम्प्रेसर, आणि कानात 'पैलतारा'.

'पैलतारा' म्हणजे नुसत्या आवाजांच्या नाटकांची मालिका. 'टिटवी' नावाचं एक अंतराळयान घरची वाट चुकलंय आणि ते परत निघालंय, एवढीच गोष्ट. बाई लहान असताना ती रेडिओवर लागायची, पुढे सीडीवर आली, आता फोनवर येते. लिहिणारे बदलले, नट म्हातारे झाले, यानावर कप्तानामागून कप्तान आले, पण टिटवी काही घरी पोचली नाही. बाईंनी तिचा एकही भाग चुकवला नव्हता, म्हणून तर कारखान्यात त्या कप्तानबाई, आणि एकाही भागाची गय केली नव्हती.

पहिली मालिका म्हणजे सोनं. चार नट, एक घरघरता पंखा, बाकीचं सगळं यान ऐकणाऱ्यानं डोक्यात बांधायचं. दुसरी ठीक. तिसरीत कप्तानाचा जुळा भाऊ उपटला तेव्हा बाई घरात कुणाशी धड बोलेनात. "गोष्ट पुढं रेटता येत नाही, की आणा जुळा भाऊ," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा बस चालवायचा. त्याला टिटवीशी देणंघेणं नव्हतं, तरी त्यानं मान हलवली. चौथीतला खलनायक आडात पडल्यासारखा घुमून बोलायचा. "अरे, अंतराळात घुमायला भिंती कुठल्या आणल्यास?" पण खरी तिडीक होती ती दिसेल ते बोलून दाखवणाऱ्या पात्रांची. "'अरे बघ, तो निळा उजेड आपल्याकडंच येतोय!' असं जिवंत माणूस बोलतो का? बस अंगावर आली तर आपण तिचा रंग सांगत बसतो का? बोंबलतो आणि बाजूला होतो. आळस लेखकाचा, आणि डोक्याला ताप आमच्या."

ही मतं त्या फोनवरच्या श्रोत्यांच्या गटात स्वतःच्या आवाजात टाकत. गट एका निवृत्त मास्तरांनी चालवला होता. नवा भाग आला की लोक भागाआधी बाईंचं मत ऐकत. भाग वाईट निघाला तरी मत वाया जात नसे.

बाईंना हे वेड लागलं तेव्हा घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, आणि रेडिओ कपाटावर. धाकटा भाऊ भीतीनं खाटेखाली, आणि बाई खाटेवर. टिटवीचं दार उघडलं की एक शीळ वाजायची, बारीक, सुईच्या टोकाएवढी. ती वाजली की धाकटा खाटेखालून डोकं काढायचा, कारण दार उघडलं म्हणजे कप्तान परत आला. पुढे त्याचा दात पडला आणि त्या फटीतून त्याला तीच शीळ घालता यायला लागली. तेव्हापासून दारावर त्यानं कधी हाक मारली नाही. शीळ घालायचा, ताई दार उघडायची. नवा दात आला, मिशी फुटली, लग्न झालं, शीळ तीच. आई-वडील लवकर गेले. बाई शाळा सोडून कारखान्यात लागल्या आणि सोफे ठोकता ठोकता त्यांनी धाकट्याला आवाजाचं तंत्र शिकायला धाडलं. तो ध्वनिमुद्रणात तरबेज झाला, आणि शेवटी 'पैलतारा'च्या नव्या मालिकेचे आवाज त्याच्याकडेच आले. बातमी कळली त्या दिवशी बाईंनी कारखानाभर पेढे नाही वाटले, कारण त्यांचा स्वभाव तसा नव्हता. पण दिवसभर त्या कुणावर ओरडल्या नाहीत, आणि सुताराला वाटलं त्यांना बरं नाही.

नव्या मालिकेचा पहिला भाग आला. बाईंनी ऐकला, परत ऐकला. दार उघडलं. शीळ नाही.

नटही शब्दांची शेपटं गिळत होते. पण नटांचं काय, हल्लीचे नट. हल्ली कशालाच धड आवाज उरला नव्हता. घरातला थर्मामीटर वाजत नाही म्हणून बाईंनी फेकून दिला, नवा आणला, तोही मुका निघाला. "वाजला गं," नवरा म्हणाला. "तुला भास होतात," बाई म्हणाल्या. धाकटासुद्धा अलीकडे शीळ घालायचं सोडून बेल दाबायला लागला होता. मोठा माणूस झाला, लाज वाटत असेल, असं बाई धरून चालल्या होत्या. आणि आता टिटवीचीही शीळ गेली.

त्या तडक धाकट्याच्या घरी गेल्या. तो जेवायला बसला होता.

"शीळ कुठाय?"

"कसली शीळ?"

"दाराची. काढून टाकलीस ना?"

"आहे की, ताई. तीच आहे. जुन्या फितीवरून उचललीय."

"माझ्या तोंडावर खोटं बोलतोस?"

धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि ताटातला घास नुसता चिवडत बसला. बाईंना हवं ते मिळालं. चोर असल्याशिवाय माणूस मान खाली घालतो कशाला? भावजय पाणी घेऊन येईपर्यंत बाई जिना उतरल्या होत्या. त्यानंतर त्यांनी त्याचा फोन घेतला नाही. शीळ काढली हे एकवेळ त्यांनी गिळलं असतं, धन्याच्या हुकमापुढं नोकर काय करणार. पण ज्याला हातानं भरवलं तो तोंडावर खोटं बोलला, हे काही घशाखाली उतरत नव्हतं.

पुढच्या भागात टिटवीचं दार उघडलं आणि धप्प झालं. चक्क धप्प. बटाट्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसं.

बाईंनी त्या दिवशी गटात टाकलेलं मत पुढे कितीतरी लोकांनी जपून ठेवलं. "इतकी वर्षं जे दार सुईसारखं उघडत होतं, ते आता कोठारासारखं आपटतंय," त्या म्हणाल्या. "हा साउंडवाला बहिरा आहे का? असेल तर त्याला तसं लेखी द्यायला सांगा, म्हणजे आम्ही दया तरी करू." एकानं भीत भीत लिहिलं, की धप्पच्या आधी शीळ आहे, मला तरी ऐकू आली. त्याला बाईंनी असा सोलला की तो गटातून निघूनच गेला. धप्प मात्र कुणालाच आवडला नव्हता. मास्तरांनी मालिका काढणाऱ्या कंपनीला तक्रार धाडायची ठरवली, साउंडवाला बदला म्हणून. कित्येकांनी होकार कळवला. तो बाईंचा भाऊ आहे हे गटात कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाई, पुरावा तुमच्या आवाजात हवा," मास्तर म्हणाले. "जुनं दार, मग नवं दार, एकापाठोपाठ. तुमचं आलं की उद्याच धाडतो. काढतीलच त्याला."

काढतीलच. नाही म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. मग त्यांना ते ताट आठवलं आणि ती खाली घातलेली मान. "देते," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद झाला तसा त्यांनी सुताराला आणि कापड बेतणाऱ्या बाईला बोलावलं, साक्षीला. फोनवर पहिल्या मालिकेतला पहिला भाग लावला. कप्तानाची पावलं आली. बाईंनी बोट वर केलं. "आता कान द्या."

पावलं थांबली. मग कप्तानाचा श्वास. मधे काही नाही.

"बघितलंत? मेल्यांनी जुन्यातूनही काढली. पुरावाच पुसून टाकला."

"काय काढलं?" सुतारानं विचारलं.

"शीळ, सुतारदादा."

"वाजली की आत्ता."

"चेष्टा नकोय मला."

"चेष्टा कशाला करू? दात शिवशिवला माझा."

बेतणाऱ्या बाईनं तोंडाला पदर लावला. झालं. मिळून आपली टर उडवतायत, ह्याबद्दल बाईंना शंकाच उरली नाही. त्यांनी फोन उचलला आणि उरलेला दिवस हातातल्या खुर्चीला इतक्या पिना मारल्या, की ती उसवायची वेळ आली तर पुढची पिढी शिव्या देईल.

पण घरी कपाटात सीडी होती, कंपनीच्या बापालाही हात लावता येणार नाही अशी. नवरा संध्याकाळच्या फेरीवर गेला होता. खुर्चीत बोका झोपला होता. दिवसभर घुरघुरतो म्हणून त्याचं नाव इंजिन. बाईंनी सीडी लावली, फोनवर ध्वनिमुद्रण चालू केलं, घसा साफ केला. "मंडळी, ही आपली जुनी टिटवी. ऐका."

पावलं. श्वास.

बाईंनी परत मागे नेलं. पावलं. श्वास. सीडी खराब झाली असेल. तिसऱ्यांदा लावताना त्यांची नजर सहज बोक्यावर गेली. पावलं थांबली, आणि बोक्याचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. त्यानं मान वळवून सीडीच्या पेटीकडे पाहिलं. मग श्वास आला.

बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा कान उभे. पुन्हा लावलं. बोका वैतागून खुर्चीतून उतरला आणि पलंगाखाली गेला.

सुतार चेष्टा करील, नवरा मन राखील, भाऊ खोटं बोलेल. बोक्याला कुणाची भीड पडलीय? बाई त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. थर्मामीटर वाजत होता. नटांनी शेपटं गिळली नव्हती. धाकटा दाराबाहेर शीळ घालून घालून कंटाळला असेल, आणि मग त्यानं बेलवर बोट ठेवलं असेल. बाईंना कॉम्प्रेसरचा राग आला. कानावर घालायला कधी काही न देणाऱ्या मालकाचा आला. कॉम्प्रेसरच्या वर ऐकू यावं म्हणून टिटवीचा आवाज रोज एकेक घर चढवत नेणाऱ्या स्वतःचा आला, आणि तो सगळ्यात मोठा होता. रडू आलं, मग रडू आल्याचाही राग आला.

मग त्यांनी नवा भाग लावला, धप्पचा. वाकून पलंगाखाली बघत राहिल्या. टिटवीचं दार उघडलं. बोक्याचे कान उभे राहिले आणि धप्प झालं, एकाच क्षणी. शिळेच्या जागी नव्हता तो. शिळेच्या खाली होता. आणि पहिल्या भागात नव्हता. बाई धाकट्याच्या घरून जिना उतरल्या, त्यानंतरच्या भागात आला होता.

बाईंनी फोन उचलला आणि गटात बोलल्या. "तक्रार पाठवायची नाही. शीळ आहे, पहिल्या भागापासून आहे. मला ऐकू येत नाही. ज्याला मी बहिरा म्हणाले तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि बहिरी मी आहे. तो धप्प त्यानं माझ्यासाठी घातलाय. धप्प भिकार आहे, हे माझं मत कायम आहे. पण तेवढ्यावरून कुणी त्याच्या पोटावर पाय आणलात, तर गाठ माझ्याशी आहे. आणि ज्या गृहस्थाला मी सोललं, त्याला कुणीतरी परत बोलवा."

मास्तरांचं लगेच उत्तर आलं, तक्रार फाडली म्हणून. मग बराच वेळ फोन गप्प होता. बाईंनी धाकट्याला फोन लावायला नाव काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. काय बोलायचं असतं अशा वेळी, हे त्यांना टिटवीच्या एवढ्या भागांत कुणी शिकवलं नव्हतं.

बोका पलंगाखालून बाहेर आला होता. एकाएकी त्याचे कान उभे राहिले. पेटी बंद होती. तो दाराकडे बघत होता.

बाईही दाराकडे बघायला लागल्या. त्या उठणार इतक्यात बाहेरून कुणीतरी दारावर मूठ आपटली. धप्प.

त्यांनी दार उघडलं. धाकटा धापा टाकत उभा होता, आणि त्याच्या हातातल्या फोनवर बाईंचंच गटातलं बोलणं चालू होतं.

"तुला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी जेवताना कळलं. त्याआधी वाटायचं, तूच मुद्दाम दार उघडत नाहीस."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं ना सरळ, की ताई, तुझे कान गेले."

"फोन केले. तू घेतले नाहीस." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "आणि समोर आलो असतो, तरी माझ्याच्यानं ते बोलवलं नसतं."

"आणि ते पोतं कशाला टाकलंस टिटवीत? दुसरं काही सुचलं नाही?"

"तुला ऐकू जाईल असं शोधत होतो. घाईत तेवढंच सापडलं."

"घाई कसली पडली होती?"

"तू टिटवी ऐकायची सोडशील, अशी भीती वाटली," धाकटा म्हणाला. "मग मी करू कुणासाठी?"

त्यांनी दार पुरतं उघडून धरलं.

"पाय पुसून आत ये," त्या म्हणाल्या. "आणि उद्या कारखान्यात ये तुझं ते यंत्र घेऊन. खुर्चीत नवी गादी बसते ना, तेव्हा तिचा आवाज होतो. धप्प म्हणजे काय ते तुला ऐकवते."